सहा क्विंटलचा काटकोन

आर्णीत आमच्या भागात ज्याला घराला लोखंडी गेट बसवायचं असेल, तो आधी माझ्या दारात येतो, मला नमस्कार करतो आणि मग माझ्याकडे पाठ फिरवून नागोराव मुनेश्वरशी बोलत बसतो. नागोरावचं वर्कशॉप माझ्या आवारात, पुढच्या कोपऱ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये आहे. ते शेड मी त्याला दोन महिन्यांसाठी दिलं होतं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

आठवीत तो माझ्या वर्गात होता. मी गणित आणि विज्ञान शिकवायची. भूमितीच्या सहामाहीत त्यानं सगळ्या आकृत्या इतक्या देखण्या काढल्या की प्रमेयं लिहायला वेळच उरला नाही. मी त्याला नापास केलं. आजही करेन. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पेपर हातात घेऊन त्यानं एवढंच विचारलं होतं, की मॅडम, आकृती तं बरोबर होती ना.

आता तो बावन्न वर्षांचा आहे. उजवी भुवई ठिणग्यांनी कायमची गेली. वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे काच धरायची तर ती खिळ्याला टांगलेली असते आणि हा तोंड दुसरीकडे फिरवून अंदाजानं टाका मारतो. त्यामुळे त्याच्या प्रत्येक टाक्याला शेवटी एक बारीकशी शेपटी सुटते. मी सांगून थकले. मोजायची टेप त्याच्याकडे आहे, पण तिचे पहिले चार इंच तुटलेले. तो पाचव्या इंचापासून मोजतो आणि मनातल्या मनात वजा करतो. यात तो आजपर्यंत एकदाही चुकलेला नाही, हे मी गणिताची मास्तरीण म्हणून लिहून देते. गावातली घरं त्याला माणसांच्या नावानं आठवत नाहीत, गेटांच्या नक्षीवरून आठवतात. "मोरवाल्याकडे गेलतो" म्हटलं की समजायचं, वकिलांकडे गेला होता.

आणि त्याचं नाव कशासाठी, तर नागोरावचं गेट बसतं. दुसऱ्यांची गेटं बसवताना हातोडे चालतात, पाचरी ठोकतात, गवंडी आणि वेल्डर एकमेकांच्या घरच्यांची आठवण काढतात. नागोराव हातगाडीवरून गेट उतरवायचा, खांबांच्या मधे उभं करायचा आणि ते पेटीत झाकण बसावं तसं बसायचं. गवंडी बहुतेक वेळा डोंगरसिंग राठोड असायचा. जवळच्या तांड्यातला, नागोरावच्याच वयाचा, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि बोलणं तेवढ्यापुरतं. डोंगरसिंगनं खांब उभे करायचे आणि नागोरावनं गेट लावायचं, अशी यांची पंचवीस-सव्वीस वर्षांची जोडी. एकमेकांशिवाय दोघांनाही काम जमत नाही, असं लोक म्हणायचे. किती खरं म्हणत होते ते पुढे कळलं.

गेल्या दोन वर्षांत आमच्या वॉर्डातलं बुद्धविहार नव्यानं बांधून झालं. वर्गणी लोकांची, बांधकाम डोंगरसिंगचं. रंग लागला, फरशी बसली, राहिलं फक्त गेट. समितीच्या बैठकीत नागोराव उभा राहिला आणि गेट माझ्याकडून दान, असं सांगून खाली बसला. समितीचे अध्यक्ष देवराव खडसे हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. चार माणसं खोलीत आली तरी त्यांना मागच्यांनी पुढे सरकावं असं वाटतं. त्यांनी आभार मानले आणि वर म्हणाले, बुद्धपौर्णिमेला उद्घाटन आहे, भन्तेजी येणार, बाहेरगावचे लोक येणार, तेव्हा गेट सरळ पाहिजे, ड्रमावरचं काम नको. आणि पौर्णिमेपर्यंत लागलं नाही तर यवतमाळहून तयार आणू.

ड्रमावरचं काम ही टीका खरी होती, म्हणून ती लागली. नागोरावचं टेबल म्हणजे डांबराच्या दोन ड्रमांवर ठेवलेली एक जुनी प्लेट. तिच्या एका कोपऱ्यात त्यानं लोखंडाच्या दोन पट्ट्या काटकोनात वेल्ड केलेल्या होत्या. गेटची चौकट त्या कोपऱ्यात दाबून बसवायची की काटकोन झाला, टाके मारून मोकळं. त्या पट्ट्या त्यानं सव्वीस वर्षांपूर्वी डोळ्याच्या अंदाजानं लावलेल्या.

नागोराव बैठकीहून आला आणि माझ्या पायरीवर बसला. "मॅडम, जल्मभर लोकाइच्या पसंतीचं बनवलं. मोर म्हणले, मोर केला. सूर्य म्हणले, सूर्य केला. हे एक गेट माह्या मनचं हाय. हे लागलं पायजे."

त्याच आठवड्यात तो मुलीकडे बुटीबोरीला जाऊन आला. जावई विक्की तिथे कारखान्यात कामाला आहे. त्यानं सासऱ्याला कारखान्यातलं फॅब्रिकेशनचं टेबल दाखवलं. परत आल्यावर नागोराव दोन दिवस जेवणाखेरीज तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी म्हणाला, टेबल करतो. गेट नंतर.

होळी झाल्यावर सुरुवात झाली. एका बंद पडलेल्या जिनिंगचं सामान भंगारात निघालं होतं, त्यातून त्यानं वीस मिलिमीटर जाड, आठ फूट बाय चार फुटांची प्लेट उचलली. उचलली म्हणजे आठ माणसांनी आणि एका ट्रॅक्टरनं उचलली. वाटेत बाजार समितीच्या काट्यावर वजन केलं, तर पावणेपाच क्विंटल भरलं. पाय जाड लोखंडी चॅनलचे, खाली चौफेर चॅनलची चौकट, तिरपे आधार. सगळं मिळून सहा क्विंटलच्या वर गेलं. शेडमधली फरशी आधी फोडली, खाली काँक्रीट ओतलं, मग टेबल. मी विचारलं, यावर तू गेट करणार आहेस की रणगाडा. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

वेल्डिंगची उष्णता लागली की प्लेट वाकते. म्हणून तो एका जागी चार बोटं वेल्ड करायचा, उठून पलीकडच्या टोकाला चार बोटं करायचा, मग पंखा लावून बसून राहायचा. दिवसाला अशी आठ-दहा जागी चार-चार बोटं. बाकीचा वेळ तो टेबलाकडे पाहत असायचा. त्याची बायको सत्यशीला डबा घेऊन यायची. एकदा माझ्यापाशी येऊन म्हणाली, लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं माझ्याकडे पाहिलं असतं तर मी आणखी दोन पोळ्या वाढल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ऊन शेडमध्ये शिरतं त्या बाजूला तिनं टेबलावर धोतर पसरून सरगुंडे, म्हणजे शेवयांच्या जातीचं गव्हाचं वाळवण, वाळत घातले. आठ फूट सपाट, तापलेलं, मुंग्यांना चढता न येणारं लोखंड गावात दुसरीकडे कुठे आहे, असा तिचा सवाल होता. नागोरावनं सरगुंडे स्वतःच्या हातानं, एकही न मोडता, माझ्या गच्चीवर नेऊन ठेवले. दोघं तीन दिवस बोलत नव्हते.

पायांखाली मोठे बोल्ट होते, ते फिरवून टेबल समपातळीत आणायचं. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. केसभर वर, केसभर खाली, असा एक आख्खा रविवार. मग कोपऱ्यातल्या पट्ट्या. या वेळी मी डोळ्याचा अंदाज चालू दिला नाही. एका पट्टीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, तिरपं अंतर पाच फूट आलंच पाहिजे. सूतभर कमी आलं. पट्टी काढली, पुन्हा लावली. पाच फूट आलं. नागोरावनं बेअरिंगमधला एक छर्रा आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. छर्रा जागचा हलला नाही.

मग लोक छर्रा पाहायला यायला लागले. छर्रा काही करत नव्हता आणि तेच पाहायला लोक येत होते. ढाणकीहून आलेला एक धान्याचा व्यापारी पंधरा मिनिटं टेबलापुढे हाताची घडी घालून उभा राहिला, "कमाल आहे" म्हणाला आणि गेला. शाळेच्या मैदानावर सभेला जमतात तितकी माणसं त्या आठवड्यात माझ्या आवारात येऊन गेली. जुनी प्लेट नागोरावनं कापून तिचे खांबांच्या बुडाला लावायचे चौकोनी तुकडे केले. आता मागे जाणं नाही, म्हणाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात विहाराचं गेट तयार झालं. पाच फूट रुंद, सहा फूट उंच, एकच पल्ला. नक्षी म्हणजे फक्त उभे गज आणि मधे एक पिंपळपान. मला नक्षीतलं कळत नाही, पण ते गेट पाहून मी शेडमध्ये अर्धा तास बसले. पौर्णिमेला आठ दिवस होते.

हातगाडीवरून गेट नेलं, खांबांच्या मधे उभं केलं. बसलं नाही.

डाव्या खांबाला वर अडत होतं आणि उजवीकडे वर दीड इंच फट पडत होती. उजवीकडे सरकवलं की खाली अडायचं. नागोराव म्हणाला, गाडीवर दणके बसून चौकट हलली असणार. गेट परत आणलं, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलं, तर मधे पोस्टकार्ड जाईना. म्हणजे गेट सरळ होतं. पुन्हा विहारात नेलं. दीड इंच फट. पुन्हा टेबलावर आणलं. सरळ. अशा त्यानं भर उन्हात, पंचेचाळीस डिग्रीत, तीन खेपा केल्या. टेबलावर सरळ असलेलं गेट अडीचशे पावलांत वाकडं होतं आणि परत येताना वाटेत सरळ होतं, असं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

संशय आधी टेपवर गेला. पहिले चार इंच नसलेल्या टेपवर कोणाचाही जाईल. मग दुसऱ्या एका घरचं गेट, तेही नव्या टेबलावर केलेलं, नेऊन पाहिलं. तेही बसलं नाही. तीच बाजू, तोच दीड इंच. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं, की टेबल आलं आणि नागोरावचा हात गेला. दोघांनी सांगितलेली कामं थांबवली. एक जण लिंबू-मिरची घेऊन आला, टेबलाला बांधू म्हणाला. सत्यशीलेनं त्याला त्या लिंबांचं सरबत करून पाजलं आणि परत पाठवलं. नागोराव टेबलाकडे पाहत बसायचा, पण आता आधीसारखं नाही. घरातलं कोणी खोटं बोलल्यावर पाहतात तसं.

मला हे सहन होईना. मोजलेली गोष्ट मोजलेलीच असते. मी पिशवीत दोरा आणि पाटा-वरवंट्यातला जुना वरवंटा घेतला आणि विहारात गेले. खांबाच्या डोक्यावरून वरवंटा दोऱ्यानं खाली सोडला. वर दोरा खांबाला टेकलेला आणि खाली खांबापासून दीड इंच दूर. दुसऱ्या खांबालाही तेच. दोन्ही खांब उजवीकडे झुकलेले होते. मी ते मोठ्यानं सांगितलं, कारण हळू सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

डोंगरसिंग तिथेच होता. त्यानं तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मॅडम, दोरा हवेनं हालते. लोखंड हालत नाई." आणि आत जाऊन तो आपला गुण्या घेऊन आला. गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन पाहायचं लोखंडी हत्यार. याचा गुण्या मोठा होता, एक हात चार फुटांचा. त्यानं तो जोत्यावर ठेवला आणि खांबाला लावला. गुण्या आणि खांब यांच्यात दाढीचं पातंही गेलं नसतं. मग त्यानं माझ्याकडे नाही, आकाशाकडे पाहिलं. मास्तरणीला बोलायचं नसतं म्हणून.

नागोराव पुढे झाला. त्यानं गुण्या हातात घेतला, उलटा केला, कोपऱ्यातला टाका अंगठ्यानं चाचपला. टाक्याला शेवटी एक बारीकशी शेपटी होती.

"डोंगरभाऊ, हा मी बनवलेला हाय."

"तूच तं दिलता. पयल्या वर्षी. काहून?"

नागोराव गुण्या खांद्यावर घेऊन शेडकडे चालू लागला, मागे डोंगरसिंग, त्याच्या मागे मी वरवंटा घेऊन. नव्या टेबलाच्या कोपऱ्यात गुण्या ठेवला. चार फुटांच्या टोकाला पूर्ण एक इंच फरक.

हिशेब सरळ होता. सव्वीस वर्षांपूर्वी नागोरावनं ड्रमावरच्या प्लेटवर डोळ्याच्या अंदाजानं काटकोन केला आणि तो चुकला. त्याच कोपऱ्यात त्यानं डोंगरसिंगला गुण्या करून दिला. डोंगरसिंग घराच्या खांबांना दोऱ्याचा ओळंबा लावायचा, पण गेटाच्या सहा फुटी खांबांना ओळंबा कशाला म्हणून गुण्याच लावायचा, नेहमी एकाच बाजूनं. खांब जितके वाकडे उभे राहत, तितकंच आणि त्याच बाजूला वाकडं गेट नागोरावच्या प्लेटवर तयार होत असे. म्हणून ते पेटीच्या झाकणासारखं बसायचं. आता नागोराव सुधारला होता आणि गाव तसंच राहिलं होतं.

खात्री करायला आम्ही तिघं वॉर्डातून निघालो. मी वरवंटा सोडायची, नागोराव वाकून पाहायचा. मोरवाल्यांचे खांब दीड इंच. सूर्यवाल्यांचे दीड इंच. माझ्या घराचे दीड इंच. बावीस वर्षं मी त्यातून जा-ये करते आहे आणि काटकोन शिकवून निवृत्तही झाले आहे. लोक बाहेर येऊन विचारायचे काय चाललं, आणि मी सांगायची. घरात जाऊन ते बायकामुलांना बोलावून आणायचे. एका बाईनं विचारलं की घर पडेल का. मी म्हटलं, नाही पडणार, फक्त वाकडं राहील. बाराव्या घरापाशी डोंगरसिंग म्हणाला, बस करा मॅडम. पण मी या दोघांच्या हातची एक्केचाळीस घरं मोजली. रस्त्यात उभं राहून पाहिलं तर प्रत्येक खांब उजवीकडे. एकही अपवाद नाही. इतका नेटका चुकलेला वॉर्ड मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी देवरावांनी बैठक बोलावली. पाच दिवस उरले होते. त्यांचं म्हणणं असं, की एकीकडे एक्केचाळीस घरं आणि विहार, दुसरीकडे एक टेबल. एवढे सगळे चुकले आणि एक टेबल बरोबर, हे कसं मानायचं. मी वरवंट्याचं सांगितलं, तीन-चार-पाचाचं सांगितलं. देवराव म्हणाले, "मॅडम, तुमचा मान हाय. पण काटकोन नव्वदचाच पायजे हे ठरवलं कोणं?"

मी म्हटलं, ते कोणी ठरवत नसतं.

"मंग आपण ठरवू," देवराव म्हणाले आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं. खांब सरळ आहेत या बाजूनं अकरा हात आणि विरुद्ध तीन. एक माझा, एक सत्यशीलेचा, एक चुकून वर राहिलेला. डोंगरसिंग समितीत नव्हता, तो दाराशी बसला होता. नागोराव समितीत होता, पण त्यानं हात वर केला नाही. त्याचं डोकंच वर नव्हतं. ठरलं असं, की गेट यवतमाळहून तयार आणायचं.

दोन दिवसांनी टेम्पोतून तयार गेट आलं. चकचकीत, सोनेरी टोकांचं. खांबांच्या मधे उभं केलं. डावीकडे वर अडलं आणि उजवीकडे दीड इंच फट.

देवरावांनी दुकानदाराला तिथूनच फोन लावला आणि त्याची हजेरी घेतली. दुकानदारानं काय सांगितलं ते कळलं नाही, पण देवरावांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ टेम्पोवाल्याला मागे घे, मागे घे, असं सांगत राहिले, टेम्पो जागच्या जागी उभा असताना. नागोरावचं गेट शेवटच्या खेपेपासून तिथेच होतं, म्हणजे विहारापुढे आता दोन गेटं होती आणि त्यातलं एकही बसत नव्हतं. ते सोनेरी गेट सध्या देवरावांच्या घरी भिंतीला टेकून उभं आहे. त्यांच्याही खांबांत ते बसत नाही.

तीन दिवस उरले. देवराव नागोरावजवळ आले आणि या वेळी खुर्चीवर न बसता बोलले. गॅसनं तापवून, साखळीनं ओढून गेट दीड इंच तिरपं करता येतं, हे त्यांनी कुठून तरी ऐकून आणलं होतं. नागोरावला ते दोन तासांचं काम. एकदा तिरपं केलं की बसेल, पौर्णिमा निभेल, आणि लोक म्हणतील नागोरावनंच लावलं. सगळे विहारापुढे उभे होते. मी पायरीवर होते, डोंगरसिंग भिंतीला टेकून होता. मला वाटलं, करेल. मी असते तर केलं असतं, तीन दिवस राहिलेले असताना.

नागोराव म्हणाला, "गुण्या माहा, चूक माही. डोंगरभाऊनं गुण्या म्हणला तसा खांब उभा केला, त्यानं तं बरोबरच केलं. एक्केचाळीस घरी मी वाकडं गेट लावलं. माहीत नोतं, लावलं. आता माहीत हाय. माहीत असून इथं वाकडं लावनार नाई."

"मंग पौर्णिमेले काय कराचं?" देवराव म्हणाले.

"बिनगेटाचं ठेवा."

ते म्हणून तो स्वतःच्या गेटाकडे गेला आणि ते हातगाडीवर चढवायला लागला. एकटाच. कोणी हात लावला नाही. सत्यशीला तेवढी पुढे झाली आणि तिनं एक टोक धरलं.

डोंगरसिंग भिंतीपासून सुटला. त्यानं बाजूला जाऊन खर्रा थुंकला. हे तो फक्त जेवायच्या आधी आणि भांडायच्या आधी करतो.

"डाव्या खांबाचं वर किती काढा लागते?"

"दीड इंच," नागोराव म्हणाला.

"अन् खाली?"

"खाली काईच नाई."

"अन् उजव्याले वर दीड इंच चढवाचा. बरं. ठेव ते खाली," डोंगरसिंग म्हणाला आणि छिन्नी आणायला गेला.

त्यानं दोन दिवस काम केलं, उन्हाच्या आधी आणि उन्हानंतर. एका खांबाचं प्लास्टर आणि विटा वरून खाली निमुळत्या छाटल्या, दुसऱ्याला निमुळता थर चढवला. गुण्या त्यानं आणलाच नाही. माझ्याकडून वरवंटा मागून नेला. सत्यशीला ओली पोती बांधून दर तासाला पाणी मारत होती. देवराव येऊन पाहायचे आणि काही न बोलता जायचे, त्यांच्या दृष्टीनं हे एक प्रकारचं भाषणच. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गेट लागलं. मी पोस्टकार्ड घेऊन गेले होते. गेलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी सगळा वॉर्ड पांढऱ्या कपड्यांत आला. गेटापाशी येऊन प्रत्येक जण थोडा थांबायचा, मान किंचित उजवीकडे करायचा आणि सोबतच्याला म्हणायचा, की गेट जरा डावीकडे कललं आहे, नाही का. घराघरांतून वाकडं पाहून आलेल्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार. नागोराव नवा सदरा घालून गेटाला लागून उभा होता. त्याला हे सगळं ऐकू येत होतं.

पण खरी अडचण दुसरीच निघाली. आमच्याकडे गेट कोणी लावत नाही. उघडायचं, आत जायचं, सोडून द्यायचं. ते आपोआप मागे येतं आणि लागतं. आम्हाला वाटायचं, गेटं अशीच असतात. डावा खांबच उजवीकडे कललेला, त्यावर टांगलेला पल्ला दुसरीकडे जाणार कुठे. विहाराचं गेट सरळ खांबावर टांगलेलं. सोडलं की ते जिथं सोडलं तिथंच उभं राहायचं. लोक आत जायचे, मागे न पाहता पुढे व्हायचे, आणि गेट सताड उघडं. एक बकरी तोवर जोत्यापर्यंत पोचली. देवरावांनी माइक हातात घेऊन पहिलं वाक्य हेच उच्चारलं, की गेटात काही बिघाड आहे, तो उद्या दुरुस्त होईल, मागच्यांनी पुढे सरकावं.

नागोराव गेटापाशीच राहिला. एक घर आलं की तो मागून गेट लावायचा. दुसरं यायचं, उघडायचं, सोडायचं, जायचं. तो लावायचा. भन्तेजी आले, त्रिसरण सुरू झालं, आत सगळ्यांचे हात जोडलेले, आणि हा आपल्याच गेटापाशी द्वारपालासारखा. सत्यशीलेनं आतून दोनदा खूण केली. मीही केली. तो हलला नाही. त्याच्या तोंडाकडे पाहून कळत होतं, की त्याचं गेट लागलं होतं आणि कोणालाच ते नको होतं.

डोंगरसिंग उशिरा आला. सोबत बायको, सुना, धुतलेलं धोतर, तोंडात खर्रा नाही. त्यानं गेट उघडलं, घरच्यांना आत घेतलं, हात सोडला आणि सवयीनं चार पावलं पुढे गेला. मग थांबला. वळून पाहिलं. गेट जिथं सोडलं होतं तिथं उभं होतं. नागोराव हात पुढे करणार, तेवढ्यात डोंगरसिंग परत फिरला, गेटापाशी आला आणि त्यानं ते हातानं सावकाश लावलं. कडी घातली. लावल्यावर तळवा थोडा वेळ गजावर तसाच ठेवला.

त्याच्या मागून त्याच्या सुनेच्या ओळखीची कोणी आली, तिनं हे पाहिलं होतं. तिनंही आत आल्यावर गेट लावलं. तिच्या मागच्यानंही लावलं.

नागोराव मग आत येऊन पुरुषांच्या रांगेत शेवटी बसला. गुडघे दुखत असल्यासारखे दाबले, हात जोडले आणि डोळे मिटले. त्यानंतर गेट किती जणांनी लावलं आणि किती जणांनी नाही, ते मी मोजलं नाही.